सांगलीहून काझीरंगा: गेंड्यांच्या सहलीत गेंड्यांना मिळालेला वेळ

गेल्या फेब्रुवारीत सांगलीतल्या एका सहल-संस्थेबरोबर आम्ही उभयता आसामला जाऊन आलो. पत्रकावर चिखलात उभ्या असलेल्या गेंड्याचे मोठे छायाचित्र होते, सहलीचे नावही गेंड्यावरूनच ठेवलेले होते, दिवस सात आणि रक्कम पुण्यापासून पुण्यापर्यंत माणशी 58,000 रुपये. सांगली, मिरज आणि तासगावचे आम्ही अठरा जण होतो आणि साताऱ्याची दोन जोडपी पुण्याच्या विमानतळावर येऊन मिळाली. संस्थेचे नाव मी येथे लिहीत नाही. माझ्या तक्रारी मी त्यांना समक्ष आणि लेखी सांगितल्या आहेत, त्यांतल्या काहींची त्यांनी दखलही घेतली आहे, आणि आपल्या भागातून निघणाऱ्या इतर सहलींची पत्रके चाळल्यावर हेच दोष थोड्याफार फरकाने तेथेही दिसले. एकोणतीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवल्यामुळे गेंडा हा विषय माझ्या मनाजवळचा आहे, हेही आधीच सांगितलेले बरे, कारण पुढचे सगळे मोजमाप त्याच तराजूने केले आहे.

व्यवस्थेबद्दल आधी चांगले लिहिते, कारण ते खरोखरच चांगले होते. विमानाची वेळ, गुवाहाटीतले हॉटेल, ज्येष्ठांसाठी तळमजल्यावरच्या खोल्या, गरम पाणी, औषधांची पेटी, यांत एकदाही खोट निघाली नाही. माझ्या यजमानांना गुडघ्याचा त्रास आहे, तेव्हा बसमध्ये पुढची जागा न मागता मिळाली. बरोबर आणलेला आचारी मिरजेचा होता आणि त्याच्या हातची आमटी परक्या मुलखात गोड लागली. एवढे मात्र वाटले, की काझीरंगाच्या मुक्कामात एक तरी जेवण गावातल्या एखाद्या घरी ठरवायला हवे होते. भात, मासळीचे आंबट कालवण, उकडलेल्या भाज्या असे साधे जेवण तिथल्या बायका रांधून वाढतात आणि ते पैसे थेट त्यांच्या हातात पडतात. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या ज्या माणसांच्या शेतात गेंडा आणि हत्ती रात्री उतरतात, त्यांना त्याच गेंड्यापासून चार पैसे मिळत राहिले, तर त्याच्याविषयीचा राग निवळायला मदत होते.

आता मुख्य मुद्दा. सात दिवसांपैकी पहिला आणि शेवटचा प्रवासात गेला, दोन दिवस शिलाँग आणि चेरापुंजीला दिले, एक दिवस गुवाहाटी आणि कामाख्येला. काझीरंगासाठी दीड दिवस उरला. त्या दीड दिवसात तीन जीपफेऱ्या कबूल केल्या होत्या, पण गुवाहाटीहून निघायला दोन तास उशीर झाला, वाटेत चहाच्या आणि मुगा रेशमाच्या दुकानांत आणखी वेळ मोडला, आणि पहिल्या दुपारची फेरी हुकली. तिच्याऐवजी ऑर्किडचे उद्यान दाखवण्यात आले. ते सुंदर आहे यात शंका नाही, परंतु आम्ही सांगलीहून ज्याच्यासाठी निघालो होतो तो तेथे राहत नाही. उरलेल्या दोन फेऱ्या उद्यानाच्या दोन विभागांतल्या, सकाळची कोहोराची आणि दुपारची बागोरीची, प्रत्येकी दोन-सव्वादोन तासांच्या. म्हणजे गेंड्याच्या नावाने घेतलेल्या सात दिवसांत आम्ही त्याच्या प्रदेशात सगळे मिळून साडेचार तासही नव्हतो. हुकलेल्या फेरीचे पैसे परत मिळाले, पण दुपार कशी परत मिळणार?

जे साडेचार तास मिळाले, त्यांनी मात्र माझे डोळे भरून पावले. फेब्रुवारीत वनखाते उंच गवताचे पट्टे ठरवून जाळते, राखेतून हिरवे कोंब वर येतात आणि एरवी हत्तीलाही झाकणाऱ्या गवतात दबलेले प्राणी उघड्यावर चरायला येतात. बागोरीच्या वाटेवर एका वळणाला आमच्या चालकाने जीप उभी केली आणि इंजिन बंद केले. डावीकडे, आमच्या गावभागातल्या बोळाची लांबी असेल तेवढ्या अंतरावर, एक मादी आणि तिचे वर्षभराचे पिल्लू चरत होते. आधी ऐकू आला तो आवाज. गवत उपटताना होणारा करकर आवाज आणि मग दळण दळल्यासारखे संथ चावणे. वरचा ओठ पुढे टोकदार झालेला असतो आणि तो बोटासारखा गवताभोवती वळतो, हे मी फळ्यावर कितीतरी वेळा काढून दाखवले होते, पण तो ओठ प्रत्यक्ष पात्याभोवती वळताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

आपण निगरगट्ट माणसाला गेंड्याच्या कातडीचा म्हणतो. दुर्बिणीतून ती कातडी पाहिल्यावर मला त्या शब्दप्रयोगाबद्दल फार वाईट वाटले. खांद्यावर आणि मांड्यांवर रिवेट ठोकल्यासारखे गोळे, मानेपाशी चिलखतासारख्या दुमडी, हे सगळे खरे; पण त्या दुमडींच्या आतला भाग गुलाबी आणि इतका नाजूक, की त्यात गोचिडी आणि जळवा धरतात आणि माश्या सतत घोंघावतात. ऊन आणि किडे यांपासून बचाव व्हावा म्हणून तर हा प्राणी तासन्‌तास चिखलात आणि पाण्यात बसून असतो. त्या मादीच्या पाठीवर दोन साळुंक्या दुमडींतले किडे टिपत होत्या आणि त्या जिथे चोच मारत तिथली कातडी थरथरत होती. पिल्लाच्या नाकावर शिंगाच्या जागी नुसता एक करडा उंचवटा होता. ते आईच्या पोटाखाली डोके घालायला गेले की ती चरणे थांबवून उभी राही. एक पिल्लू जन्माला यायला सुमारे सोळा महिने लागतात आणि पुढचे पिल्लू होईपर्यंत साधारण तीन वर्षे जातात. एक मादी बंदुकीला बळी पडली, की किती वर्षांची भर एका रात्रीत वाया जाते, याचा हिशेब त्या उंचवट्याकडे पाहताना आपोआप झाला.

आमच्या मागच्या जीपमधून कोणीतरी ‘अजून पुढे घ्या, फोटो येत नाही’ असे मोठ्याने म्हणाले. चालकाने मान हलवून नकार दिला. मादीने कान आमच्या दिशेने वळवले होते. गेंड्याला दिसते कमी, परंतु वास आणि आवाज लांबून कळतो. आणि चिडलेला एकशिंगी गेंडा शिंगापेक्षा खालच्या जबड्यातल्या सुळ्यांसारख्या धारदार दातांनी चावून जास्त जखमा करतो. चालक मला ‘बाइदेऊ’ म्हणत होता, म्हणजे आसामीत मोठी बहीण. आम्ही वीस मिनिटे एका जागी बसून राहिलो, एवढा वेळ दिल्याबद्दल मी त्याचे आभार मानले, तेव्हा तो म्हणाला की बहुतेक पर्यटक दोन मिनिटांत पुढे चला म्हणतात. चालकांच्या या शिस्तीला मी या सहलीत पैकीच्या पैकी गुण देईन. तिचे श्रेय मात्र सहल-संस्थेचे नाही, तिथल्या माणसांचे आहे.

संस्थेची सर्वांत मोठी उणीव माहितीची. बरोबर आलेले व्यवस्थापक मनमिळाऊ आणि कामसू होते, पण गेंड्याबद्दल सांगण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हते आणि तसा माहीतगार माणूस संस्थेने बरोबर दिला नव्हता. काझीरंगाकडे जाताना त्यांनी बसमधल्या माईकवरून सांगितले, की गेंड्याच्या शिंगात मोठे औषधी गुण असतात आणि म्हणूनच ते कोटींना विकले जाते. बसमध्ये माना डोलल्या. माझ्या जिवाला ते फार लागले. दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर मी व्यवस्थापकांची परवानगी घेऊन माईक हातात घेतला. तासगावच्या एका जुन्या विद्यार्थिनीने ‘बाई, तुम्हीच सांगा’ म्हणून आग्रह धरला, हेही कारण झाले.

मी सांगितले ते असे. गेंड्याचे शिंग केराटिनचे असते. आपली नखे, आपले केस, बैलाचे खूर ज्या द्रव्याचे, त्याच द्रव्याचे. त्यात आतून हाड नसते, ते मुळापासून दाबून बसवलेल्या तंतूंसारखे वाढत जाते आणि झिजते. त्याने ताप उतरतो, विष उतरते किंवा पौरुष वाढते याला आधार नाही. परंतु चीन आणि व्हिएतनामच्या बाजारात ही समजूत पैसा मिळवून देते आणि त्या पैशासाठी आसामात बंदुका येतात. 2013 आणि 2014 या दोन्ही वर्षांत आसामात प्रत्येकी 27 गेंडे मारले गेले होते. 22 सप्टेंबर 2021 रोजी, जागतिक गेंडा दिनी, काझीरंगाजवळच्या बोकाखात येथे आसाम सरकारने साठवणीतली 2,479 शिंगे जाहीरपणे जाळली. एवढा ‘मौल्यवान’ साठा जाळायचा कशाला, असे बसमधल्या एका गृहस्थांनी विचारले. साठा जपून ठेवला म्हणजे कधीतरी तो विकला जाईल, शिंगाला किंमत आहे, असाच अर्थ बाजार घेतो. जाळून टाकला म्हणजे सरकारच्या लेखी त्याची किंमत राख आहे हे सर्वांना दिसते. त्यानंतरच्या 2022 या वर्षात आसामात एकही गेंडा चोरट्या शिकारीत गेला नाही. कित्येक दशकांनी असे वर्ष आले होते. पहारा, गुप्त बातम्या, झटपट खटले आणि गावकऱ्यांची साथ यांमुळे ते आले, शिंगे जाळली एवढ्यानेच आले नाही, हेही मी त्यांना सांगितले.

यावर बसमध्ये टाळ्या झाल्या, त्यापेक्षा व्यवस्थापकांनी स्वतः पुन्हा माईक घेऊन ‘काल मी चुकीचे बोललो’ असे म्हटले, याचे मला अधिक समाधान वाटले. परंतु असे बोलण्यासाठी प्रवाशांतून कोणी निवृत्त शिक्षिका निघेल यावर सहल-संस्थेने विसंबून राहू नये. बावीस माणसे 58,000 रुपये भरून गेंडा पाहायला जातात आणि त्यांतली वीस जण शिंगाच्या औषधीपणाची गोष्ट घरी घेऊन येतात, तर त्या सहलीने गेंड्याचे नुकसानच केले. अशी गोष्ट नातवंडांना सांगितली जाते, शेजारी पोहोचते आणि वर्षानुवर्षे टिकते.

सांगायला तर किती होते. 1904 साली व्हाइसरॉय कर्झन यांच्या पत्नी मेरी कर्झन काझीरंगाला आल्या आणि त्यांना गेंड्याऐवजी त्याच्या खुरांचे ठसेच दिसले, अशी आठवण तिकडे सांगतात. त्यानंतर हालचाल झाली आणि 1908 मध्ये हे राखीव जंगल झाले. तेव्हा येथे उरलेले गेंडे बोटांवर मोजण्याइतकेच होते. 1966 च्या गणनेत 366 भरले, 1984 मध्ये हजाराच्या वर गेले आणि मार्च 2022 मध्ये 2,613 मोजले गेले. 1974 साली काझीरंगा राष्ट्रीय उद्यान झाले, आणि योगायोग असा की त्याच वर्षी आपल्याकडे प्रवरेच्या काठी दायमाबादला एका शेतकऱ्याला ब्राँझची चार वजनदार शिल्पे सापडली. बैलांचा रथ, हत्ती, म्हैस, आणि चौथा गेंडा, चाकांच्या गाड्यावर उभा असलेला. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी ज्या कारागिराने तो ओतला, त्याला हा प्राणी माहीत होता. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही तो आहे. सिंधूच्या काठापासून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यापर्यंत पसरलेला गेंडा आज आसाम, उत्तर बंगालमधली जलदापाडा आणि गोरुमारा, उत्तर प्रदेशातले दुधवा आणि नेपाळचा तराई प्रदेश एवढ्यापुरता उरला आहे. महाराष्ट्रातून निघालेल्या सहलीत दायमाबादचा गेंडा सांगितला जाऊ नये, याची मला फार चुटपुट लागली.

दुपारच्या फेरीत एका टेहळणी मनोऱ्यापाशी खाली उतरायला परवानगी असते. खाली पसरलेले बील, म्हणजे नदीने मागे सोडलेले पाणथळ तळे, त्यात पाणकोंबड्या, पलीकडे रानम्हशींचा कळप आणि त्यांच्यात अंतर ठेवून उभे असलेले चार गेंडे. मनोऱ्यावर पन्नाशीचे एक वनरक्षक होते. ते हिंदीत बोलत होते. मी सांगलीची, कृष्णाकाठची, असे म्हणाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न पुराचा विचारला, कारण 2019 च्या ऑगस्टमधला आपला महापूर त्यांनी टीव्हीवर पाहिला होता. त्या वर्षी गावभागात आमच्या घरात छातीएवढे पाणी होते आणि आम्ही अकरा दिवस विश्रामबागेत बहिणीकडे होतो, हे मी त्यांना सांगितले. मग ते त्यांच्या पुराबद्दल बोलले आणि मला वाटते, सहलीतले सर्वांत मोलाचे शिक्षण मला त्या दहा मिनिटांत मिळाले.

ब्रह्मपुत्रा दर पावसाळ्यात काझीरंगात शिरते. काही वर्षी उद्यानाचा बहुतेक भाग पाण्याखाली जातो. पूर आला नाही तर काझीरंगा राहणार नाही, असे ते म्हणाले. पूर बिलांतली जलपर्णी वाहून नेतो, मासे आणतो आणि गाळ पसरवून नवे गवत उगवू देतो. पूर थांबला तर गवताच्या जागी हळूहळू झाडोरा येईल आणि गेंड्याला चरायला उरणार नाही. आपल्याकडे मळीच्या जमिनीचे जे महत्त्व, तेच. कृष्णाकाठची वांगी ज्या गाळावर पोसतात, तसाच गाळ तिथे गेंडे पोसतो, असे मी म्हटले, तेव्हा ते हसून ‘बरोबर’ म्हणाले. परंतु मोठ्या पुरात हाच गाळ आणणारे पाणी पिल्लांना बुडवते. 2024 च्या जुलैतल्या पुरात कितीतरी प्राणी दगावले, त्यांत पाढा जातीची छोटी हरणे सर्वांत जास्त होती आणि गेंडेही होते. म्हणून उद्यानात ठिकठिकाणी मातीचे उंच ओटे बांधले आहेत, अलीकडच्या काळात 33 नवे मोठे ओटे झाले. पाणी चढले की गेंडे, हरणे, रानडुकरे त्यांवर शेजारी शेजारी उभी राहतात. आमच्या पुरात कोणाच्या गच्चीवर म्हैस, कुत्री आणि माणसे एकत्र बसली होती, ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

ज्यांना ओटा पुरत नाही ते प्राणी दक्षिणेकडे कार्बी आंगलाँगच्या डोंगरांकडे निघतात. मध्ये आडवा येतो तो राष्ट्रीय महामार्ग 715, पूर्वीचा 37. पानबारी, हल्दीबारी, कांचनजुरी, अमगुरी अशा ठरलेल्या वाटांवरून प्राणी तो ओलांडतात. पुराच्या दिवसांत तेथे वाहनांना ताशी 40 किलोमीटरची मर्यादा असते, आणि वाहनाने ते अंतर किती वेळात कापले हे वेळेच्या पत्रिकांवरून तपासले जाते. या टप्प्यात उंचावरून जाणारा रस्ता बांधण्याचा निर्णयही आता झाला आहे.

हे सगळे ऐकून आलो आणि त्याच रात्री आमची बस त्याच रस्त्यावरून वेगाने पळवली गेली. कोहोराहून जेवण उरकून आम्ही मुक्काम हलवला होता, चालकाला पोहोचण्याची घाई होती आणि प्राण्यांच्या वाटांचे फलक दिव्याच्या उजेडात एकामागून एक मागे पडत होते. मी आणि साताऱ्याचे एक काका पुढे जाऊन चालकाला गाडी हळू घ्यायला सांगून आलो. त्याने वेग कमी केला, पण व्यवस्थापकांनी हे आधीच, बस ठरवतानाच, लेखी सांगायला हवे होते. पावसाळा नव्हता, हे उत्तर मला पटले नाही. हरीण ऋतू पाहून रस्ता ओलांडत नाही. काही वर्षांपूर्वी सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला होता, तेव्हा शहराने त्याला पाहायला जी गर्दी केली ती आठवावी. चांदोलीचा गवा काय आणि काझीरंगाचा गेंडा काय, वाट चुकून माणसांत आलेल्या प्राण्याला सगळ्यांत आधी मोकळी, शांत वाट हवी असते.

वनरक्षकांना मी शेवटी विचारले, की आकडा 2,613 वर गेला, आता काळजी मिटली का? त्यांनी समोरच्या बिलाकडे हात केला आणि म्हणाले, सगळे इथेच आहेत, ही काळजी. भारत आणि नेपाळ मिळून एकशिंगी गेंडे सुमारे 4,000 आहेत. म्हणजे दर तिघांपैकी जवळजवळ दोघे या एका उद्यानात. एखादी साथ आली, एखादा अतोनात पूर आला किंवा राज्यात अशांतता माजली तर काय होते, हे आसामने पाहिलेले आहे. 1983 च्या धामधुमीत लाओखोवा अभयारण्यातले चाळीसहून अधिक गेंडे मारले गेले आणि ते जंगल गेंड्यांविना झाले. आसामातल्याच मानस उद्यानातलेही 1990 नंतरच्या हिंसक वर्षांत संपले. मग 2005 मध्ये गेंडे इतर जंगलांत नेऊन वसवण्याची योजना सुरू झाली आणि एप्रिल 2008 मध्ये पोबितोरा अभयारण्यातून पहिले गेंडे मानसला सोडले गेले. त्यांतलेही काही पुढे शिकाऱ्यांनी मारले, तरी आता तेथे पिल्ले जन्मली आहेत. एका टोपलीत सगळी भाकरी ठेवू नये, हे आपल्या आयांना कळत होते. गेंड्यांच्या बाबतीत ते कळायला आणि जमायला फार वर्षे लागली.

आपल्या जिल्ह्यात धो. म. मोहिते यांच्या ध्यासातून सागरेश्वर उभे राहिले. उजाड डोंगरावर झाडे लावून, हरणे आणून सोडून माणसांनी अभयारण्य केले, याचा मला लहानपणापासून अभिमान आहे. ते पाहिलेल्या माणसाला मानसचे महत्त्व वेगळे समजावावे लागत नाही. म्हणूनच गुवाहाटीपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर असलेले पोबितोरा या सहलीत नसावे, याचे आश्चर्य वाटले. चाळीस चौरस किलोमीटरही नसलेल्या त्या छोट्या अभयारण्यात 2022 च्या गणनेत 107 गेंडे होते. इतकी दाटी जगात दुसरीकडे नाही आणि तिथले गुरांचे कळप, शेते आणि गेंडे एकमेकांना किती खेटून आहेत हे तेथे एका सकाळीत दिसते. कामाख्येच्या दिवशी सकाळी लवकर निघाले तर पोबितोरा आरामात होते.

गवताबद्दलही एक गोष्ट पाहण्यासारखी होती आणि ती दाखवायला कोणी नव्हते. बागोरीत रस्त्याकडेला काही ठिकाणी लाजाळूच्या कुळातली काटेरी मिमोसा वेल पसरलेली दिसते. चहामळ्यांनी जमिनीला नत्र मिळावे म्हणून ती आणली आणि पुराच्या पाण्याबरोबर तिचे बी उद्यानात शिरले. ती गवताला झाकून टाकते, आणि वनखात्याचे मजूर ती दरवर्षी हाताने उपटतात. आपल्याकडे घाणेरी आणि रानमोडी यांनी माळ कसे गिळले ते पाहिलेल्या सांगलीच्या माणसाला हे चट्‌कन समजले असते.

जगातल्या पाच जातींपैकी जावाचा गेंडा आता जावा बेटाच्या पश्चिम टोकाला उजुंग कुलोन या एकाच उद्यानात उरला आहे. व्हिएतनाममधला त्याचा शेवटचा भाऊबंद 2010 मध्ये मेलेला सापडला. सुमात्राचे गेंडे पन्नासाच्याही आत आहेत. आफ्रिकेतल्या उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांतला शेवटचा नर 19 मार्च 2018 रोजी केनियात गेला आणि त्याची मुलगी आणि नात अशा दोनच माद्या मागे राहिल्या. या यादीत आपला एकशिंगी गेंडा 2008 पासून ‘संकटग्रस्त’ वर्गातून एक पायरी सुरक्षित बाजूला आला, हे भारताच्या आणि नेपाळच्या वनरक्षकांचे फार मोठे काम आहे. काझीरंगात त्यांच्या दोनशेच्या वर चौक्या आहेत, बऱ्याचशा खांबांवर उभ्या केलेल्या, पुरात चहूकडून पाण्याने वेढल्या जाणाऱ्या. मनोऱ्यावरच्या त्या वनरक्षकांना आम्ही डब्यातले शेंगदाण्याचे लाडू दिले. त्यांनी दोन घेतले आणि तिसरा खाली नदीकाठच्या चौकीतल्या सोबत्यासाठी कागदात बांधून खिशात ठेवला.

परत आल्यावर मी संस्थेला चार पानी पत्र लिहिले. पाच गोष्टी मागितल्या होत्या: काझीरंगात पूर्ण अडीच दिवस आणि किमान चार फेऱ्या; पोबितोराची एक सकाळ; बरोबर वन्यजीवांचा माहीतगार मराठी माणूस; एक जेवण गावातल्या घरी; आणि बसचालकाला वेगाची लेखी ताकीद. आठवड्याने त्यांनी मला कार्यालयात बोलावले, चहा दिला आणि नीट ऐकून घेतले. चेरापुंजी काढले तर गिऱ्हाईक तुटेल, ही त्यांची अडचण खरी असेल. त्यावर मी सुचवले की ज्यांना धबधबे पाहायचे त्यांची सहल निराळी काढावी आणि गेंड्याचे छायाचित्र त्या पत्रकावर छापू नये.

पुढच्या नोव्हेंबरचे पत्रक परवा हातात पडले. शिलाँग राहिले आहे, चेरापुंजी गेले आहे. काझीरंगा दोन दिवस, फेऱ्या तीन, पोबितोरा नाही. माहीतगार माणसाचा उल्लेख आहे, पण नाव नाही. जायचे असेल त्यांनी पैसे भरण्यापूर्वी ते नाव विचारावे, जीपफेऱ्यांची वेळ आणि विभाग लिहून घ्यावा, आणि नोव्हेंबरऐवजी फेब्रुवारीची तारीख मागावी, कारण नोव्हेंबरात गवत माणसाच्या दुप्पट उंच असते आणि त्यात दहा पावलांवरचा गेंडाही दिसत नाही, नुसते त्याचे चावणे ऐकू येते.